रंगांचे अध्यापक : प्रा. के. वेंकटरामन

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत परळ-लालबागच्या गिरण्यांतून निघणारे कापड स्वदेशी होते. त्यावरचा रंग मात्र परदेशी होता. ज्या देशाने शतकानुशतके नीळ, मंजिष्ठा आणि लाख यांचे रंग जगाला पुरवले, त्या देशाला लुगड्याचा काठ रंगवण्यासाठी जर्मनी, स्वित्झर्लंड आणि इंग्लंड यांच्याकडे पाहावे लागत होते. १८५६ साली अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने डांबरातून मिळणाऱ्या द्रव्यापासून पहिला कृत्रिम जांभळा रंग तयार केला. १८६९ मध्ये मंजिष्ठेतील रंगद्रव्य प्रयोगशाळेत बनू लागले आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. त्यानंतर आपल्याकडील रंगांची शेती झपाट्याने आटली. १९१४ चे महायुद्ध सुरू होताच जर्मन रंगांची आवक थांबली, भाव भडकले आणि या परावलंबनाचा अर्थ गिरणीमालकांनाही नीट कळला. परदेशी कापडाची होळी एका सायंकाळी करता येते. रंगाचा रेणू घडवणारी माणसे तयार व्हायला मात्र एक पिढी लागते. ती पिढी घडवण्याचे काम ज्यांच्या वाट्याला आले, त्यांत प्रा. कृष्णसामी वेंकटरामन यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म १९०१ मध्ये मद्रासला झाला. तेथील प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिक्षण घेऊन ते शिष्यवृत्तीवर मँचेस्टरला गेले. मँचेस्टर म्हणजे कापडाचे शहर आणि म्हणूनच रंगांचेही. तेथे त्यांना रॉबर्ट रॉबिन्सन यांचे मार्गदर्शन लाभले. पुढे १९४७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणारे रॉबिन्सन त्या काळी फुलापानांतील रंगद्रव्यांच्या रचना उलगडण्यात गुंतले होते. पिवळ्या फुलांत, सालींत आणि लाकडांत आढळणाऱ्या ‘फ्लेव्होन’ या संयुगांशी वेंकटरामन यांचा जो संबंध तेथे जडला, तो अखेरपर्यंत सुटला नाही. स्वदेशी परतल्यावर काही काळ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काढून ते लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन महाविद्यालयात रसायनशास्त्राचे अध्यापक झाले.

लाहोरचा हा काळ थोडक्या वर्षांचा, पण त्यांचे नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले ते याच काळातील कामामुळे. एखाद्या विशिष्ट रचनेच्या किटोनमध्ये शेजारच्या ऑक्सिजनवर बसलेला ॲसिल गट अल्कलीच्या सान्निध्यात आपली जागा सोडून कार्बनवर सरकतो. त्यातून तयार होणाऱ्या डायकिटोनवर आम्लाची क्रिया केली की वलय मिटते आणि फ्लेव्होन हाती येते. निसर्ग वनस्पतीत जे घडवतो ते काचेच्या चंबूत, मोजक्या पायऱ्यांत घडवण्याचा हा मार्ग. इंग्लंडमध्ये विल्सन बेकर यांनाही तो स्वतंत्रपणे, त्याच सुमारास, सापडला. वेंकटरामन यांनी आपला विद्यार्थी महल याच्यासह लिहिलेली टिपणी १९३३ मध्ये बंगळूरच्या ‘करंट सायन्स’ या अगदी नव्या नियतकालिकात छापून आली. आज ही क्रिया ‘बेकर-वेंकटरामन पुनर्रचना’ म्हणून शिकवली जाते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, विद्यार्थ्याला बरोबर घेऊन केलेले हे संशोधन होते, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. कारण पुढे मोठी संस्था हाती आल्यावरही त्यांच्या कामाची रीत हीच राहिली.

१ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञान विभाग स्थापन केला. ‘यूडीसीटी’ या इंग्रजी आद्याक्षरांनीच तो मुंबईकरांना परिचित होता. कापडाचे रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी या दोन शाखांनी आरंभ झाला आणि प्रमुख म्हणून इंग्लंडहून आर. बी. फॉर्स्टर आले. १९३४ मध्ये वेंकटरामन येथे दाखल झाले आणि १९३८ मध्ये विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले. तेव्हा त्यांचे वय होते सदतीस. पुढील एकोणीस वर्षे ते या पदावर होते.

या एकोणीस वर्षांत त्यांनी केलेली निवड सोपी नव्हती. गिरण्यांना हवे होते ते रंगखात्यात उभे राहून कापडाचा ताका बिघडू न देणारे तज्ज्ञ. विद्यापीठाकडून अपेक्षा होती ज्ञानाची. केवळ पहिली गरज भागवली असती, तर विभाग चांगली तांत्रिक शाळा झाला असता आणि तेवढ्यावरच थांबला असता. वेंकटरामन यांनी रंगशास्त्राच्या मुळाशी असलेले सेंद्रिय रसायन संशोधनाचा विषय म्हणून विभागात रुजवले. उद्योजकांच्या देणग्या स्वीकारल्या, पण विद्यार्थ्याने शोधायचे काय, हे प्रयोगशाळेत ठरत राहिले. १९४३ मध्ये विभाग माटुंग्याच्या आपल्या प्रांगणात आला. चाळीसच्या दशकात तेल, अन्न, औषधे, रंगलेप अशा शाखांची भर पडत गेली आणि कापडापुरता जन्मलेला विभाग साऱ्या रासायनिक उद्योगाचा झाला.

रंगांच्या व्यापारात एक जुनी अडचण होती. एकच रंग निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकत आणि त्याची रचना गुप्त ठेवत. डब्यावरचे नाव वाचून आत काय आहे ते कळत नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या पथकांनी जर्मन कारखान्यांची पाहणी करून अहवाल प्रसिद्ध केले आणि दशकानुदशके जपलेली गुपिते उघडी झाली. मात्र ती असंख्य अहवालांत विखुरलेली होती. वेंकटरामन यांनी ती पेटंटांशी आणि शोधनिबंधांशी ताडून, रचनेनुसार लावून, सलग शास्त्राच्या रूपात मांडली. ‘द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज’ हा दोन खंडांचा ग्रंथ १९५२ मध्ये न्यूयॉर्कहून प्रसिद्ध झाला. ज्या देशात कृत्रिम रंगांचा उद्योग जेमतेम उभा राहत होता, त्या देशातील विद्यापीठाच्या एका अध्यापकाने या विषयाचा जगन्मान्य ग्रंथ लिहावा, यातील विलक्षणपणा आजच्या वाचकाला पटकन जाणवत नाही. त्याच वर्षी वलसाडजवळ ‘अतुल’चा रंगांचा कारखाना पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाला. ग्रंथ आणि कारखाना यांच्यात थेट कार्यकारणाचे नाते जोडण्याचे कारण नाही. परंतु अशा कारखान्यांना रंगांचे रसायन जाणणारी माणसे लागतात आणि माटुंग्याच्या विभागात तीच घडत होती.

१९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या आधीचे मॅकबेन आणि फिंच हे दोघेही परदेशी होते. मुंबईप्रमाणे पुण्यातही परकीय प्रमुखामागून येणारा पहिला भारतीय हीच भूमिका त्यांच्या वाट्याला आली. १९६१ मध्ये त्यांना ‘पद्मभूषण’ मिळाले. मात्र या पदांच्या काळातील त्यांचे सर्वांत लोभस काम लाखेवरचे आणि फणसावरचे आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किड्याची लाख धुताना लाल पाणी निघते. आळत्यापासून गालिच्यांपर्यंत शतकानुशतके वापरल्या गेलेल्या त्या लाल रंगातील ‘लॅकाइक आम्लां’च्या रचना त्यांच्या गटाने उलगडल्या. फणसाच्या गाभ्यातील लाकडाचा पिवळा रंग ब्रह्मदेशात बौद्ध भिक्षूंच्या चीवरांना दिला जाई. त्या लाकडातील फ्लेव्होनेही त्यांनी अभ्यासली. लाहोरला सुरू झालेला धागा असा कोकणाच्या परसातल्या झाडापर्यंत येऊन पोहोचला.

त्यांच्यामागे माणसांची रांग उभी राहिली. विदर्भातील कारंजा येथे जन्मलेले बाळ दत्तात्रेय टिळक याच विभागात शिकले, ऑक्सफर्डला रॉबिन्सन यांच्याकडेच गेले, परत येऊन विभागाचे संचालक झाले आणि १९६६ मध्ये पुण्याच्या प्रयोगशाळेतही गुरूंच्या जागी आले. ए. व्ही. रामाराव यांनी माटुंग्याला पदवी घेऊन पुण्यात वेंकटरामन यांच्याकडे संशोधन केले व पुढे हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचे नेतृत्व केले. नंतरच्या पिढीत त्याच विभागात प्रा. मनमोहन शर्मा यांच्या हाताखाली, मुंबईत महापालिकेच्या शाळेतून शिकून आलेल्या रघुनाथ माशेलकर यांनी पीएच.डी. केली आणि १९८९ मध्ये तेही पुण्याच्या प्रयोगशाळेचे संचालक झाले.

निवृत्तीनंतर वेंकटरामन पुण्यातच, प्रयोगशाळेच्या सहवासात काम करीत राहिले. १९५२ चा ग्रंथ आता एकट्याच्या आवाक्यातला राहिला नव्हता. म्हणून देशोदेशींच्या तज्ज्ञांकडून प्रकरणे लिहवून घेत, त्यांचे संपादन करीत त्यांनी तो १९७० पासून पुढे नेला. आठवा खंड १९७८ मध्ये निघाला. १९८१ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले.