पाचर तीच, घण बदलला!
(लाकूड फोडण्याचे यंत्र घेण्यापूर्वी)



बांधावरची बाभूळ, सुबाभूळ तोडून सरपण विकायचे म्हटले की, तोडणीपेक्षा फोडणीलाच घाम जास्त गळतो. म्हणून लाकूड फोडण्याच्या यंत्राचा विचार मनात येतो. पण पैसे मोजण्याआधी हे यंत्र आले कुठून, ते ऐका. निवड कशी करावी, हे त्या हकिकतीतूनच कळते.

पंचतंत्रातली माकडाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. सुतारांनी अर्धवट चिरलेल्या ओंडक्यात पाचर ठोकून ठेवली होती. माकडाने ती उपटली, फटीत सापडले आणि जिवाला मुकले. मूळ संस्कृत गोष्टीत पाचर खैराची आहे. पाचर कठीण लाकडाची हवी, हे त्या काळीही लोकांना माहीत होते बरं का! पुढे पाचर लोखंडाची झाली, पण काम तेच राहिले. वरचा घाव ती दोन्ही बाजूंना ढकलते आणि लाकूड रेषेवर उकलते. आजच्या यंत्रातही पाचरच आहे. बदलला तो घण.

हा नवा घण म्हणजे दाबलेले तेल. कोंडलेल्या पाण्यावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे फ्रान्सच्या पास्कलने १७ व्या शतकात दाखवून दिले. त्यावरून लंडनचा कुलपे बनविणारा कारागीर जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये पाण्याच्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. अडचण एकच होती, दट्ट्याच्या कडेने पाणी गळे. त्याच्या कारखान्यातला हेन्री मॉडस्ले याने चामड्याची वाटी बसवून ती दूर केली, असे सांगतात. दाब वाढला की वाटी अधिकच घट्ट बसे. पुढे पाण्याच्या जागी तेल आले. १९३६ मध्ये हॅरी फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरमागे तेलाच्या दाबाने अवजार उचलले जाऊ लागले. तुमच्या ट्रॅक्टरचा नांगर उचलणारी करामत तीच.

आता निवडीकडे वळू. विक्रेता 'इतक्या टनांचे यंत्र' म्हणेल. तुम्ही हिशेब मागा. दट्ट्याचा व्यास १० सेंटिमीटर आणि तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो असेल, तर जोर सुमारे ११.८ टन येतो. व्यास १२.५ सेंटिमीटर केला, तर जोर १८.४ टन होतो. पण फुकट काही मिळत नाही. पंप मिनिटाला २० लिटर तेल देत असेल, तर ५० सेंटिमीटर सरकायला लहान दट्ट्याला १२ सेकंद लागतात, मोठ्याला १८. गाठाळ बाभळीला जोर पाहिजे. सरळ रेषेच्या लाकडाला वेग पाहिजे. आपले लाकूड कोणते, ते आधी बघा. विकत घेण्याआधी आपलाच एक गाठाळ ओंडका नेऊन समोर फोडून घ्या.

दुसरा प्रकार फिरत्या स्क्रूच्या शंकूचा. तो दिसायला सुटसुटीत असतो, पण धोतराचा सोगा, पदर किंवा हातमोजा त्यात अडकला तर सोडवायला वेळ मिळत नाही. ओंडकाही गरकन फिरतो. त्यापेक्षा दट्ट्याचे यंत्र बरे. त्यातही दोन्ही हात दांड्यांवर असल्याशिवाय दट्ट्या सरकणार नाही, असेच घ्या. म्हणजे पाचरीपाशी हात जाणारच नाही. दांडा सोडताच दट्ट्या थांबतो ना, ते तपासा. जुने यंत्र असेल तर ब्रामाची अडचण आठवा, गळती बघा. मात्र गळती हाताने चाचपू नका. दाबाखालचे तेल कातडीत शिरते. पुठ्ठा धरून पाहा.

आणि खरे सांगायचे तर, घरच्या चुलीपुरते सरपण असेल तर कुऱ्हाड, घण आणि दोन लोखंडी पाचरी पुरे. लाकूड ओले असतानाच फोडून, रचून वाळवा. ओल्या सरपणाची बरीच आच पाणी उडवण्यातच जाते, असे समजा. यंत्र परवडते ते विक्रीचे काम असेल तेव्हा, किंवा चार-पाच जणांनी मिळून घेतले तर. झाड तोडण्यापूर्वी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते का, तेही विचारून घ्या.

माकडाला पाचर उपटण्याची घाई नडली. तुम्ही यंत्र घेण्याची घाई करू नका.