लकव्याचा रकाना

इंग्रजी अमदानीत खानदेशातले मृत्यू सरकारदरबारी पोचत ते पाटील-कुलकर्ण्यांच्या हातून. गावात माणूस गेला की वहीत नोंद होई, गावचा आकडा तालुक्याला जाई आणि शेवटी मुंबई इलाख्याच्या सॅनिटरी कमिशनरच्या वार्षिक अहवालात उतरे. अहवालाचे रकाने ठरलेले होते: पटकी, देवी, ताप, हगवण-अतिसार, इजा आणि उरलेली सगळी 'इतर कारणे'. पुढे प्लेग आणि श्वसनाचे विकार यांची भर पडली. सरकारला साथी मोजायच्या होत्या आणि त्यासाठी एवढे रकाने पुरेसे होते. पण शेतात काम करता करता ज्याची एक बाजू लुळी पडली, तोंड वाकडे झाले, वाचा गेली आणि तिसऱ्या दिवशी जो गेला, त्याला या वहीत स्वतःची जागा नव्हती. तो 'इतर कारणां'त जमा होई, अंगात ज्वर भरला असेल तर 'तापा'त. या ताप नावाच्या सदरात किती काय मावत होते, ते १९१८च्या इन्फ्लुएन्झाने दाखवून दिले. त्या साथीतले बहुसंख्य मृत्यू मुंबई इलाख्यात याच सदराखाली चढले. १९०६मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, जळगाव आणि धुळे ही त्यांची मुख्य ठाणी ठरली. नोंदीची रीत मात्र तीच राहिली.

त्यामुळे 'पूर्वी लोकांना लकवा होत नसे' हे विधान जुन्या आकड्यांवर टिकत नाही. यावर कोणी म्हणेल की तेव्हा माणसे लकव्याच्या वयापर्यंत जगतच कुठे होती? हरकत रास्त आहे. दुष्काळ, प्लेग आणि हिवताप यांतून वाचून साठी गाठणारे थोडे, म्हणून लकव्याचे बळीही आजच्यापेक्षा थोडे असणार. पण किती थोडे, हे त्या वह्या सांगू शकत नाहीत. ज्याची मोजणीच झाली नाही, त्याची वाढ किंवा घट मांडता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर रकाना मिळाला. १९६०च्या दशकात रजिस्ट्रार जनरल कार्यालयाने ग्रामीण भागातल्या मृत्यूंच्या कारणांची पाहणी सुरू केली. प्राथमिक आरोग्य केंद्राचा कर्मचारी घरच्यांना लक्षणे विचारून कारण ठरवी आणि त्याच्या यादीत लकवा होता. १९६९चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७०पासून लागू झाला. आज ग्रामपंचायतीत भरला जातो त्या मृत्यू अहवालाच्या सांख्यिकी भागात आजाराचे नाव, मरणापूर्वी कोणते उपचार मिळाले आणि तंबाखू, सुपारी, दारू यांची सवय किती वर्षे होती, इतके सगळे विचारलेले असते. तरी देशात २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांना कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र होते. बाकीच्यांच्या कागदावर 'वृद्धापकाळ' किंवा 'अटॅक' एवढे लिहून भागते. त्यात घरच्यांच्या हाती येणाऱ्या दाखल्यावर कायद्यानेच कारण छापलेले नसते. खासगीपणासाठी ते योग्य आहे, पण त्यामुळे कारण चुकले तरी ते दुरुस्त करा म्हणायला कोणी येत नाही.

डॉक्टरांच्या प्रमाणपत्रातही लकवा हरवतो, तो क्रमात. फॉर्मची रचना साधी आहे: पहिल्या ओळीत मृत्यूचे तात्काळ कारण, खालच्या ओळींत ते ज्यामुळे ओढवले ते, सर्वांत खाली मूळ कारण. रक्तदाबाच्या जुन्या रुग्णाला मेंदूत रक्तस्राव झाला, गिळता न आल्याने न्यूमोनिया झाला आणि तो दगावला, तर न्यूमोनिया, रक्तस्राव, उच्च रक्तदाब असा क्रम हवा. प्रत्यक्षात अनेकदा 'हृदयक्रिया बंद पडणे' एवढेच लिहिले जाते. ते प्रत्येक मृत्यूत घडते, म्हणून काहीच सांगत नाही. यावर नेहमीचे उत्तर असे की सीटी स्कॅनशिवाय खात्रीने कसे लिहायचे? स्कॅन लागतो तो रक्तस्राव की गुठळी हे ठरवायला. अचानक एक बाजू लुळी पडली, वाचा गेली आणि दुसरे कारण दिसत नाही, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत पक्षाघात बसतो आणि प्रकार न कळलेल्या पक्षाघाताला आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात आय-६४ हा स्वतंत्र संकेतांक आहे. दुसरी शंका उलट दिशेची: घरच्यांच्या सांगण्यावर लिहिले तर झोपेत गेलेला प्रत्येक जण लकव्याचा ठरेल. म्हणूनच लक्षणे ठरावीक प्रश्नांनी विचारायची असतात. २००१पासून देशात झालेल्या दहा लाख मृत्यूंच्या अभ्यासात हीच पद्धत वापरली गेली. प्रशिक्षित पाहणी कर्मचारी घरच्यांकडून हकिकत लिहून घेई आणि दोन डॉक्टर एकमेकांपासून स्वतंत्रपणे कारण ठरवीत.

धुळ्यात १९८९पासून आणि जळगावात २०१८पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. १ ऑक्टोबर २०२३पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने प्रत्येक रुग्णालयाला कारणाचे प्रमाणपत्र विनामूल्य देणे बंधनकारक केले आहे. कायदा झाला, रकाना आहे, शिकवणारेही जिल्ह्यात आहेत. उरते काम दोनच गोष्टींचे: शिकाऊ डॉक्टरांकडून हा फॉर्म रुग्णाच्या केसपेपरशी ताडून भरून घेणे, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी घरीच झालेल्या मृत्यूची हकिकत आशा किंवा आरोग्यसेवकाने महिन्याभरात लिहून घेणे. जिल्हा आरोग्य यंत्रणेने एवढे केले, तर रक्तदाबाच्या गोळ्या कोणत्या तालुक्यात आधी पोचवायच्या, हे तिला अंदाजाने ठरवावे लागणार नाही.