मंदीचीं भाकितें व स्थावराचे दस्त : पेण-रोह्याच्या निमित्तानें

पेण व रोहें या तालुक्यांत घरांच्या व जमिनींच्या भावाविषयीं सध्या मोठा वाद चालू आहे. शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूचें उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजीं झालें, आणि त्याच वर्षीं उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गांवांच्या नियोजित नव्या नगराचें काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोंपविण्यांत आलें. तेव्हांपासून एक पक्ष म्हणतो कीं, माणसांची पैदास होते, जमिनीची होत नाहीं, सबब भाव उतरणें अशक्य. दुसरा पक्ष म्हणतो कीं, हा फुगा आज ना उद्यां बसणारच. वाड्याचा वांटा विकावा कीं ठेवावा, या प्रश्नावर भाऊबंदांत बोलाचाली होऊं लागल्या आहेत, आणि मौज ही कीं दोन्ही पक्ष इतिहासाची साक्ष काढतात. एक १८६५ सालच्या मुंबईचें नांव घेतो, दुसरा पणजोबांचें खरेदीखत पुढें करतो. या साक्षींचें मोल काय, एवढेंच पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. भाव चढतील कीं पडतील हें सांगणें आमचें काम नव्हे.

किंमतींचें भाकित ही नवी विद्या नाहीं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत अर्घकांड म्हणून एक अध्यायच आहे. त्यांत ग्रहस्थितीवरून व आकाशांतील उत्पातांवरून जिन्नस केव्हां सांठवावे व केव्हां विकावे हें सांगितलें आहे. धान्यें, रस, धातु हे तेथील विषय. घर व भूमि त्यांत नाहींत. कौटिल्यानें मात्र तिसऱ्या अधिकरणांत वास्तुविक्रयाचा विचार केला आहे. त्याच्या मतें स्थावर घेण्याचा हक्क प्रथम ज्ञातींचा, मग शेजाऱ्यांचा, मग सावकारांचा, आणि हे नसतील तर परक्यांचा. घरासमोर, शेजारच्या चाळीस कुळांतील मंडळींसमक्ष, किंमत तीनदां पुकारावी; आणि गिऱ्हाइकांच्या चढाओढीनें किंमत वाढली तर ती वाढ विकणाराच्या पदरीं न पडतां शुल्कासह राजकोशांत जावी. म्हणजे घेणारा कोण, हा प्रश्न आधीं, किंमत किती हा मागाहून. जुन्या दस्ताचा आंकडा बाजारभाव म्हणून वाचणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें.

आतां १८६५ ची साक्ष. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१ ते १८६५) तिकडचा कापूस विलायतेस जाईना, व मुंबईच्या कापसास सोन्याचें मोल आलें. हातीं आलेला पैसा बँका व समुद्र हटविण्याच्या कंपन्या यांत ओतला गेला. बॅकबे कंपनीचा पांच हजार रुपये भरलेला भाग पन्नास हजारांच्या घरांत गेला. एप्रिल १८६५ मध्यें जनरल ली शरण गेला व त्याची बातमी इकडे आली, आणि १ जुलैस वायद्यांचे हिशेब चुकते करण्याची वेळ येतांच सर्व डोलारा कोसळला. बँक ऑफ बॉम्बेचा जो भाग २,८५० रुपयांस गेला होता, तो ८७ रुपयांस मिळूं लागला. १८६८ सालीं त्या बँकेचा कारभार गुंडाळावा लागला. १८६४ च्या मोजणींत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ होती, १८७२ च्या मोजणींत ती ६,४४,४०५ भरली.

या हकीकतीचा आधार घेऊन मंदीवादी म्हणतात, जाणत्यांस हें दिसत होतें. दिसत होतें खरें, पण काय? युद्ध संपलें कीं कापूस उतरणार, हें पेढीवरील पोऱ्याही जाणत होता. कोणत्या महिन्यांत, हें कोणास सांगतां आलें नाहीं, आणि सर्व व्यवहार तर मुदतीवरच होते. सर दिनशा वाच्छा यांनीं या प्रकरणाचा इंग्रजी वृत्तांत १९१० मध्यें प्रसिद्ध केला. तो वाचनीय आहे व ते स्वतः त्या वेळीं एकवीस वर्षांचे होते. तथापि पंचेचाळीस वर्षांनंतर लिहिलेल्या ग्रंथांत दूरदृष्टि कोणास होती, हें ठरविणें सोपें असतें. तारीख नसलेलें भाकित आम्ही तारीख नसलेल्या पत्राप्रमाणें मानतों. तें खोटें नसेल, पण त्यावरून कालनिर्णय करतां येत नाहीं. दुसरें असें कीं, ही पडझड इतकी स्पष्ट दिसते याचें कारण भागांचे भाव रोज पुकारले जात. जमिनीचा व घराचा भाव रोज पुकारणारा कोणी नसतो.

यासाठीं १८६५ पेक्षां १९२० नंतरची हकीकत आम्हांस अधिक बोधक वाटते, जरी तिचा उल्लेख या वादांत कोणी करीत नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या काळांत मुंबईंत जागेची टंचाई इतकी होती कीं १९१८ मध्यें भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकीर्दींत १९२० सालीं विकास खातें निघालें व कामगारांसाठीं पन्नास हजार खोल्या बांधण्याचें ठरलें. भाकित असें कीं टंचाई वाढतच जाणार. वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें मिळून २०७ चाळी उठल्या आणि तेथेंच काम थांबलें. महायुद्धानंतरची तेजी ओसरली होती, गिरण्यांस वाईट दिवस आले होते, नव्या खोल्यांचें भाडें कामगारांस झेंपेना, कित्येक खोल्या गिरण्यांपासून दूर. पुष्कळ खोल्या वर्षानुवर्षें ओस पडल्या, व १९३० च्या सत्याग्रहांत वरळीच्या चाळींचा तुरुंग करण्यांत आला. भाड्याचा तक्ता पुढें ठेवून हा इतिहास लिहूं जाल तर मंदी दिसणारच नाहीं. ती कुलुपांच्या संख्येंत आहे.

हेंच सूत्र आम्ही पेण-रोह्यास लावतों. स्थावराची मंदी उतरलेल्या आंकड्यांत क्वचित् दिसते. ती व्यवहार थांबण्यांत, म्हणजे न झालेल्या दस्तांत असते. मालक कमी किंमतीस विकण्यापेक्षां विकतच नाहीं, आणि अगदीं नडला तर गहाण ठेवतो. म्हणून एकट्या खरेदीखतावरून भाव सांगणाऱ्यावर आमचा विश्वास नाहीं. जुन्या खरेदीखतांपैकीं कितीएक मुळीं खरेदीचीं नसतात. सावकार रकमेच्या पोटीं शेत किंवा घर लिहून घेई, अमुक मुदतींत पैसे फेडल्यास परत देण्याची बोली असे, आणि त्याच दिवशींच्या दुसऱ्या कागदानें तोच मालक त्याच घरांत भाडेकरू म्हणून राही. अशा दस्तांतला आंकडा कर्जाचा होय, घराच्या किंमतीचा नव्हे. खरेदीखताच्या आड गहाण लपतें हें सरकारासही ठाऊक होतें. १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस लागू झाला, तेव्हां न्यायाधिशांस व्यवहाराच्या मुळाशीं जाण्याचा अधिकार देण्यांत आला. कुलाबा जिल्हा त्यांत आरंभीं नव्हता. म्हणून या बाजूच्या दस्तांचें मूळ शोधण्याचें काम संशोधकावरच येतें.

खारेपाटाची आणखी एक गोष्ट आहे. पेण तालुक्यांतील खाडीकांठचीं भातशेतें बांध घालून समुद्रापासून मिळविलेलीं आहेत. बांध घालणारा व राखणारा तो शिलोत्री, आणि त्याबद्दल त्याला शेतकऱ्याकडून ठराविक धान्य मिळे. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरांत या पद्धतीचें वर्णन आहे. बांधास खांड पडली, उघाडी मोडली, कीं खारें पाणी शेतांत शिरतें, आणि मीठ धुवून जाण्यास कित्येक पावसाळे लागतात. पांच खंडी पिकविणारें शेत एका उधाणानें कुचकामी होतें. तेव्हां दोन दस्तांतील किंमतीची तफावत मंदीमुळें म्हणावी कीं खांडीमुळें, हें बांधाच्या दुरुस्तीचे कागद पाहिल्याविना सांगतां येत नाहीं. चतुःसीमेंत बांधाचें नांव असतें. वाचक बहुधा तें ओलांडून रकमेवर जातो.

अलीकडील दस्तही निर्दोष नाहींत. शासनाचा वार्षिक मूल्यदर तक्ता, ज्यास लोक रेडी रेकनर म्हणतात, व दस्तांतील मोबदला यांत जो आंकडा अधिक असेल त्यावर मुद्रांकशुल्क द्यावें लागतें. त्यामुळें तक्त्यापेक्षां कमी भावाचा सौदा लिहिण्यास पक्षकार नाखूष असतात. रिझर्व्ह बँक नोंदणीच्या आधारें घरांच्या किंमतींचा त्रैमासिक निर्देशांक काढते, पण तो मोठ्या शहरांचा. (ज्यांचें घराणें रोह्याचें, ते चिंतामणराव देशमुख १९४३ ते १९४९ या बँकेचे गव्हर्नर होते व त्यांनीं मेघदूत मराठींत आणलें, या योगाचा आम्हां संस्कृतवाल्यांस थोडा अभिमान वाटतो.) पेण-रोह्यापुरतें साधन म्हणाल तर दुय्यम निबंधकांच्या कचेरींतील सूची व घरोघरचीं दप्तरें, इतकेंच.

भाकितांची कसोटी येथें एकदां लागून गेली आहे. उरण, पनवेल व पेण तालुक्यांत विशेष आर्थिक क्षेत्र होणार, असें २००६ च्या सुमारास ठरल्यासारखें बोललें जात होतें. २१ सप्टेंबर २००८ रोजीं हेटवणें धरणाच्या लाभक्षेत्रांतील पेणच्या २२ गांवांत शेतकऱ्यांचें मत घेण्यांत आलें, आणि पुढें तो प्रकल्प बारगळला. क्षेत्र होणार म्हणून जो भाव बोलला गेला व तें न झाल्यावर जो राहिला, त्यांतील अंतर आज कोणी छातीठोकपणें सांगतो. त्या वर्षांचे दस्त क्रमानें मांडून मात्र कोणीं दाखविलेलें आम्हांस आढळलें नाहीं. काम अवघड नाहीं. एक गांव घ्यावें. वर्षवार खरेदीखतें किती, गहाणखतें किती, सोडवणुकीचे कागद किती, एवढें मोजावें. रक्कम शेवटीं पाहावी.

यासाठीं संग्राहकांस आमची एक विनंती आहे. सनदा, मोर्तबाचीं पत्रें व महजर आपण जपतां; परंतु १८६५ नंतरचे मुद्रांकाच्या कागदावरील दस्त अर्वाचीन म्हणून रद्दींत जातात, किंवा मुद्रांक जमविणारे वरचा छापील भाग तेवढा कापून घेतात व खालची चतुःसीमा आणि साक्षीदार फेंकून देतात. असे कापलेले कागदही आमच्या पाहण्यांत आले आहेत. पेण, रोहें, नागोठणें व अष्टमी येथील जुने वाडे सध्या झपाट्यानें उतरविले जात आहेत, आणि माळ्यावरचीं गांठोडीं प्रथम खालीं येतात. गांठोडें सोडूं नये. ज्या क्रमानें कागद बांधलेले असतील त्याच क्रमानें त्यांस अनुक्रमांक द्यावेत, कारण खरेदीखतास जोडलेली भाडेचिठ्ठी वेगळी पडली कीं गहाणाची खरेदी होऊन बसते.