बुळकांडी म्हणजे काय रे मामा?

पोळ्याला गावी गेलो होतो, वसमतजवळ. खांदेमळणी चालली होती. काकांनी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळता चोळता आजोबांची आठवण काढली. एका आठवड्यात दावणीचे दोन्ही बैल बुळकांडीने गेले, आणि त्या साली पेरणी दुसऱ्याच्या जोडीवर करावी लागली. त्याचं कर्ज फिटायला पुढे किती वर्षं गेली, ते आजोबा कधी बोलले नाहीत.

यावर भाचीने विचारलं, "बुळकांडी म्हणजे काय रे मामा?"

मी सांगितलं... ताप, डोळ्या-नाकातून पाणी, तोंडात फोड, मग हगवण, आणि आठ-दहा दिवसांत जनावर आडवं. तिला काही ते खरं वाटेना. घरी आल्यावर मीच वाचत बसलो.

या रोगांच्या अभ्यासासाठी इंग्रजांनी १८८९ साली प्रयोगशाळा काढली ती आपल्या पुण्यात. १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली. तिथेच १९२७ च्या सुमारास एडवर्ड्स नावाच्या शास्त्रज्ञाने विषाणू शेळ्यांमधून पुन्हा पुन्हा नेऊन सौम्य केला आणि लस बनवली. पुढे लाखो जनावरं टोचली गेली. आपल्या देशातला शेवटचा उद्रेक १९९५ चा.

पण मंडळी, खरी गंमत यापुढे आहे. रोग दिसत नाही म्हणजे तो गेला, असं कसं म्हणायचं? रोग होऊन गेला की रक्तात प्रतिपिंडं राहतात. पण लस टोचली तरी राहतात! म्हणजे लस चालू असेपर्यंत रक्त काही खरं सांगणार नाही. मग एकच उपाय उरला, लस थांबवायची. ज्या रोगाने गावंच्या गावं बसवली, त्याच्यासमोर ढाल खाली ठेवायची! ती ठेवली. त्यानंतर जन्मलेल्या जनावरांचं रक्त तपासलं, गावोगाव रोगाचा शोध घेतला, आणि २००६ साली भारत बुळकांडीच्या संसर्गातून मुक्त ठरला.

आफ्रिकेत साक्षीदार होते जंगली रेडे. त्यांना कोण लस टोचणार? त्यांच्या रक्तात जे सापडेल ते निसर्गातूनच आलेलं. जगातली शेवटची बुळकांडी सापडली तीही अशाच रेड्यांत, केनियातल्या मेरू अभयारण्यात, २००१ साली. २०११ मध्ये रोग जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर हा दुसराच.

याच विषाणूच्या एका भाऊबंदाने १९८८ मध्ये युरोपच्या उत्तर समुद्रात सुमारे १८,००० सील मारले. हा आला कुठून? ग्रीनलंडच्या सीलांचं आधीच्या वर्षांत घेऊन ठेवलेलं रक्त तपासलं, तर त्यात प्रतिपिंडं होती. म्हणजे उत्तरेकडच्या सीलांत तो आधीपासूनच फिरत होता. मुक्या जनावराला विचारायची हीच एक रीत.

आजोबांच्या बैलांचं रक्त कुणी तपासलं नाही. त्यांची साक्ष फक्त काकांच्या तोंडी उरली आहे, म्हणून इथे लिहून ठेवतोय. भाचीला तो शब्द माहीत नव्हता याचं आधी वाईट वाटलं होतं. आता वाटतं, तिला तो विचारावा लागला, हेच केवढं मोठं काम झालंय. नाही का?