जुन्या मोटारसायकलचा हॉर्न : पाठशुद्धी आणि प्रक्षेप

इंग्रजीतील 'हॉर्न' या शब्दाचा मूळ अर्थ शिंग. मराठीला शिंग अपरिचित नव्हते. रणशिंग, तुतारी, कर्णा असा त्याचा मोठा गोतावळा भाषेत होता, आणि केशवसुतांनी १८९३ मध्ये 'तुतारी' लिहून त्यातील एका वाद्याला आधुनिक कवितेत स्थान दिले होते. तरीही मोटारीबरोबर आलेल्या या वस्तूला मराठीने त्यांपैकी एकही नाव दिले नाही. 'भोंगा' हा शब्द पुढे प्रामुख्याने गिरणीचा झाला आणि रस्त्यावर 'हॉर्न'च राहिला. आम्हांला यात एक समज दिसते. तुतारी सर्वांना उद्देशून फुंकली जाते. हॉर्न मात्र पुढच्या एका माणसाला 'बाजूला हो' एवढेच सांगतो.

विजेच्या हॉर्नचा इतिहास फार जुना नाही. रबरी फुग्याच्या भोंप्यानंतर १९०८ च्या सुमारास अमेरिकेत 'क्लॅक्सन' बाजारात आला. त्याचा जनक मिलर रीस हचिसन याने त्याआधी कमी ऐकू येणाऱ्यांसाठी विजेवर चालणारे श्रवणयंत्र तयार केले होते. ऐकू येण्याची सोय करणाऱ्यानेच कानठळ्या बसवणारे यंत्रही द्यावे, हा योगायोग विलक्षण खरा. पुढे रूढ झालेल्या हॉर्नची रचना साधी आहे. विद्युतचुंबक पोलादी पडद्याला ओढतो, त्या ओढीनेच पॉइंट उघडून प्रवाह तुटतो, पडदा मागे येतो, पॉइंट पुन्हा जुळतात. सेकंदाला शेकडो वेळा हे घडते आणि आवाज उमटतो.

आपल्याकडील जुन्या मोटारसायकलींची परंपरा प्रामुख्याने तीन नावांभोवती आहे : १९५५ पासून मद्रासला जुळू लागलेली बुलेट, १९६१ पासून म्हैसूरला तयार होऊ लागलेली जावा (पुढे येझदी) आणि साठच्या दशकातच आलेली राजदूत. या गाड्यांची वीजव्यवस्था दीर्घकाळ ६ व्होल्टची होती. मलिक अंबरने १६१२ मध्ये उभारलेल्या भडकल दरवाजासारख्या वेशी आणि गुलमंडीची दाटी असलेल्या तत्कालीन औरंगाबादेत या हॉर्नचे भागत असे. समोर सायकली आणि टांगे असत, आणि गाडीचा 'फटफट' आवाजच तिची वर्दी आधी देई. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, शहर दुचाकी घडवणारे झाले, आणि रस्त्यावरच्या आवाजाची पातळीही चढत गेली. २०२३ मध्ये अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालेल्या या शहरात जालना रोडवर आज एखादी जावा निघाली, तर तिचा हॉर्न शेजारच्या रिक्षावाल्यालाही ऐकू जात नाही.

'जुन्या गाड्यांचा आवाजच बारीक' असे अनुमान यावरून सहज काढले जाते आणि मिस्त्रीकडे मोठ्या हॉर्नची मागणी होते. येथे थोडे गणित करावे लागेल. ६ व्होल्टवर ६ अँपिअर घेणारा हॉर्न धरू. साठ वर्षांत वायरी काळवंडल्या, बटणाचे पॉइंट झिजले. अनेक जुन्या गाड्यांत बटण अर्थिंगच्या बाजूला असते. म्हणजे प्रवाहाला हँडल आणि त्याखालच्या गंजल्या, ग्रीस भरलेल्या बेअरिंगमधून परतावे लागते. या वाटेवर ०.२ ओहमचा रोध साचला, तरी सुमारे १.२ व्होल्ट, म्हणजे एक पंचमांश दाब, वाटेतच जातो. तेवढ्याच शक्तीच्या १२ व्होल्टच्या हॉर्नला ३ अँपिअर पुरतात आणि त्याच रोधात त्याचा जेमतेम एक विसांश दाब खर्च होतो. तेव्हा आपण ऐकतो तो क्षीण आवाज बव्हंशी गंजाचा आहे. तो १९६१ चा आवाज समजणे ही इतिहासाची चूक ठरेल.

साहित्याच्या अभ्यासकांना ही अडचण ओळखीची वाटेल. पैठण दरवाजातून निघणारी वाट ज्या गावी जाते, तेथे एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. जवळपास तीन शतकांच्या नकलांत शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये, असेही बजावले. साचलेली भ्रष्टता काढणे आणि नवी भर घालणे ही दोन वेगळी कामे आहेत, हा विवेक त्यामागे होता. हॉर्नच्या बाबतीतही तोच लावावा, असे आम्ही सुचवू इच्छितो.

पाठशुद्धीचे साधन येथे रिले आहे. बॅटरीच्या अर्थिंगला न जोडलेल्या टोकापासून, लगेचच फ्यूज घालून, जाड वायर रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला न्यावी. ८७ पासून हॉर्नला. आणि हॉर्नचे दुसरे टोक वेगळ्या वायरीने थेट बॅटरीच्या अर्थिंगच्या टोकाला. हॉर्नची मूळ वायर आणि बटणाची वायर ८५ व ८६ ला जोडावी. मग बटणातून रिलेच्या गुंडाळीपुरताच किरकोळ प्रवाह जातो. रिले ६ व्होल्टचाच हवा. १२ व्होल्टचा ओढला जाईलच याचा भरवसा नाही. त्यानंतर पॉइंट साफ करून मागचा स्क्रू हळूहळू फिरवावा. बहुतेक वेळा जुनाच हॉर्न खणखणीत बोलू लागतो.

तरीही तो अपुरा पडला तर? हा प्रश्न टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बसचालकाला ऐकू न गेलेली मोटारसायकल हा कोणाच्या तरी जिवाचा प्रश्न असतो. १२ व्होल्टची जोडी हॉर्न बसवली, तर ती दहाएक अँपिअर घेते. जावाच्या सुमारे ४५ वॅटच्या डायनमोच्या बळावर हे होणार नाही. सगळी वीजव्यवस्था बदलावी लागते. हा प्रक्षेपच आहे, परंतु प्रक्षेप म्हणून ओळखता येईल असा ठेवला, तर तो क्षम्य ठरतो. मूळ वायरिंग कापू नये, जुना हॉर्न जागेवर ठेवावा, नवा टाकीखाली झाकून बसवावा आणि केलेल्या बदलांचे टिपण गाडीच्या कागदांत असावे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना 'व्हिंटेज' नोंदणी देऊ केली. तिच्या व्याख्येतही मूळ रूपाची अट आहे; सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांतील बदल तीत बसत नाहीत.

वरची मर्यादाही कायद्याने घातली आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११९ वा नियम अनेक सुरांचे आणि कर्कश हॉर्न नाकारतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शाळा-महाविद्यालये व न्यायालये यांभोवती किमान १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्राची तरतूद केली. महाराष्ट्राने २०१५ मध्ये मालवाहू गाड्यांवरील 'हॉर्न ओके प्लीज' ही अक्षरे बंद केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने विनाकारण हॉर्न वाजवण्यास पहिल्या वेळी १,००० रुपये दंड ठेवला. प्रत्येकाने आपला आवाज वाढवला, की कोणाचाच वेगळा ऐकू येत नाही, हे या नियमांमागचे साधे तर्कशास्त्र आहे.

म्हणून आमचा आग्रह क्रमाचा आहे. प्रथम वायर, मग पॉइंट, मग रिले. आणि एवढे करूनही भागले नाही, तरच नवा हॉर्न. मोटारसायकल सोळा हजारांना घेतलेली असो वा आजोबांकडून आलेली, तिचा मूळ आवाज एकदा तरी पूर्ण दाबाने ऐकावा, आणि तो उणा आहे की नाही हे नंतर ठरवावे.