संगणकाच्या पोटात संगणक

व्याख्यानांच्या निमित्ताने शाळांमधून फिरताना संगणकाच्या खोलीत आम्हाला एक पाटी बरेचदा दिसते : 'परवानगीशिवाय हात लावू नये.' पाटी लावणाऱ्या शिक्षकांना दोष देता येत नाही. संगणक मोजके, दुरुस्ती खर्चाची. कोणी ऑपरेटिंग सिस्टिमचीच मोडतोड केली तर आठ दिवस तास बंद. पण मोडून पाहिल्याशिवाय यंत्र कळत नाही, हेही तितकेच खरे. या पेचातून सुटण्याची युक्ती सुमारे साठ वर्षे जुनी आहे आणि तीही संगणकांच्या टंचाईतूनच जन्मली.

1960 च्या दशकात एक संगणक खोलीभर जागा व्यापत असे आणि त्याची किंमत मोठ्या संस्थांनाच परवडे. म्हणून अनेकांनी एकच संगणक एकाच वेळी वापरावा, ही कल्पना पुढे आली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने ती 1961 साली करून दाखवली. त्याच केंब्रिज शहरातील आयबीएमच्या केंद्रात रॉबर्ट क्रीझी व त्यांचे सहकारी एक पाऊल पुढे गेले. प्रत्येकाला संगणकाचा वाटा देण्याऐवजी अख्खा संगणकच मिळाल्याचा भास निर्माण करायचा, असे त्यांनी ठरवले. जानेवारी 1967 मध्ये वापरात आलेली त्यांची सीपी-40 ही प्रणाली एका यंत्रावर 14 'आभासी यंत्रे' चालवीत असे. एक कोलमडले तरी बाकीची चालू राहत. नवी ऑपरेटिंग सिस्टिम तपासून पाहण्यासाठी याहून चांगली सोय कोणती? 1972 साली आयबीएमने व्हीएम/370 या नावाने ही सोय ग्राहकांपुढे आणली.

हा भास होतो कसा? एका वाड्याची कल्पना करू या. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटते, अख्खा वाडा आपलाच. रोजची कामे जो तो आपली आपण करतो. मात्र पाण्याच्या टाकीला कोणी हात लावला की मालकाच्या खोलीत घंटा वाजते. मालक येऊन त्या बिऱ्हाडापुरते पाणी सोडतो. बिऱ्हाडाला वाटते, टाकी आपणच उघडली. संगणकातही बेरीज-वजाबाकीसारख्या आज्ञा थेट प्रोसेसरवर चालतात, त्यामुळे वेग फारसा घटत नाही. स्मृतीची वाटणी किंवा डिस्क यांना हात घालणारी आज्ञा आली की घंटा वाजते आणि 'मालक' आज्ञावली ते काम सांभाळते. यंत्राच्या सामाईक व्यवस्थेला हात घालणारी प्रत्येक आज्ञा घंटा वाजवीत असेल, तर असा मालक नेमता येतो, हे जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी 1974 साली मांडले.

घरोघरी पोहोचलेल्या पीसीचे घोडे नेमके इथे अडले. इंटेलच्या प्रोसेसरमधील काही आज्ञा घंटा न वाजवता गुपचूप अर्धवटच पाळल्या जात. पेंटियममध्ये अशा 17 आज्ञा असल्याचे जॉन रॉबिन व सिंथिया आयर्व्हिन यांनी 2000 साली दाखवून दिले. त्याआधीच, 1999 मध्ये, व्हीएमवेअर कंपनीने यावर तोड काढली होती : अडचणीच्या आज्ञा चालता चालता बदलून घ्यायच्या. पण ते सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागे. पुढे 2003 साली फाब्रीस बेलार यांचे क्यूईएमयू हे मुक्त सॉफ्टवेअर आले. 2005-06 मध्ये इंटेल व एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच ही 'घंटा' बसवली. 2007 साली लिनक्समध्ये केव्हीएम आले आणि त्याच वर्षी इनोटेक या जर्मन कंपनीने व्हर्च्युअलबॉक्स मुक्त केले. 2010 पासून ते ओरॅकलकडे आहे. त्याचा मूळ भाग आजही मुक्त आणि मोफत आहे.

आता वर्गात करण्याजोगा प्रयोग. व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक आभासी यंत्र तयार करा. संगणकाची स्मृती 8 जीबी असेल तर त्याला 2 जीबी पुरे. त्यात लिनक्स बसवा. ते मोफत मिळते. (इतर ऑपरेटिंग सिस्टिमसाठी रीतसर परवाना लागू शकतो.) आभासी यंत्राची अख्खी डिस्क म्हणजे आपल्या संगणकातील केवळ एक फाइल असते, हे मुलांना उघडून दाखवा. मग 'स्नॅपशॉट' घ्या, म्हणजे त्या क्षणाची स्थिती जपून ठेवा. खऱ्या संगणकाचे कोणतेही फोल्डर सामाईक केलेले नाही ना, हे तपासा. आता मुलांना खुशाल आतल्या सिस्टिमच्या फाइली पुसू द्या. यंत्र सुरू होईनासे झाले, की आधी कारण शोधायला लावा आणि नंतर स्नॅपशॉटवर परत या. थोड्याच वेळात सारे पूर्ववत!

आयबीएमच्या शास्त्रज्ञांना जे करण्यासाठी खोलीभर यंत्र लागले, ते आज शाळेतल्या साध्या संगणकावर, पदरचा एक पैसा न घालता होते. खोलीतली पाटी काढावी असे आम्ही म्हणत नाही. तिच्या शेजारी दुसरी एक लावावी : 'या खिडकीच्या आत काहीही मोडून पाहावे.'