दुर्मिळ खनिजांची निर्यातकोंडी आणि महाराष्ट्राची वाहने

सोलापूर - चीनने ४ एप्रिल २०२५ रोजी सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. अमेरिकेच्या वाढीव आयात शुल्काला दिलेले ते प्रत्युत्तर होते. झळ मात्र महाराष्ट्रातील वाहन उद्योगालाही बसली.

समॅरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोशियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि यिट्रियम ही ती मूलद्रव्ये होत. भूगर्भात ती नावाइतकी दुर्मिळ नाहीत. परंतु एकमेकांपासून वेगळी करणे अवघड व प्रदूषणकारी असते. शुद्धीकरणातील सुमारे ९० टक्के वाटा चीनकडे आहे. विजेवरील वाहनांच्या बहुतेक मोटारींत निओडिमियम, लोह व बोरॉनचे चुंबक असते. उष्णतेतही त्याची शक्ती टिकावी म्हणून त्यात अल्प प्रमाणात डिस्प्रोशियम किंवा टर्बियम मिसळतात.

मालाचा लष्करी वापर होणार नाही, अशी हमी परवान्यासाठी द्यावी लागे. मंजुरी रखडल्याने मे २०२५ मध्ये चीनची चुंबक निर्यात आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे तीन चतुर्थांशाने घटली. जपानमध्ये सुझुकीला 'स्विफ्ट'चे उत्पादन थांबवावे लागले. ऑगस्टमध्ये 'चेतक'चे उत्पादन शून्यावर येऊ शकते, अशी भीती बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी जुलैमध्ये व्यक्त केली होती. ऑगस्टच्या उत्तरार्धात उत्पादन पुन्हा सुरू झाले.

सोलापूरचा संबंध वेगळ्या अंगाने येतो. येथील 'प्रिसिजन कॅमशाफ्ट्स' इंजिनांसाठी कॅमशाफ्ट बनविते. विद्युत मोटारीला कॅमशाफ्ट लागत नाही. त्यामुळे चुंबके किती सुलभतेने मिळतात, यावर इंजिनांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांना बदलासाठी मिळणारा अवधीही अवलंबून आहे.

अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणानुसार भारताचा साठा ६९ लाख टन, म्हणजे जगात तिसरा आहे. २०२४ मधील उत्पादन मात्र २,९०० टन, जगाच्या एक टक्क्याहूनही कमी होते. येथील साठा मुख्यतः किनाऱ्यावरील वाळूतील मोनॅझाइटमध्ये असून, त्यातील थोरियममुळे अणुऊर्जाविषयक निर्बंध लागू होतात.

चीनने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलेली वाढीव बंधने नोव्हेंबरमध्ये वर्षभरासाठी स्थगित केली. एप्रिलमधील परवाना पद्धत कायम राहिली. केंद्रीय मंत्रिमंडळाने २६ नोव्हेंबर २०२५ रोजी चुंबकनिर्मितीसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टन क्षमता उभारण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. खाण, शुद्धीकरण आणि चुंबकनिर्मिती हे तिन्ही टप्पे देशात जुळून आले, तरच हे परावलंबन कमी होईल.